विजयदुर्गचे ओटे आणि हेलियमची पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यावर काही दगडी ओटे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. सहलीला नेलेल्या मुलांना आपण सांगतो, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आता तो सिंधुदुर्गात आहे. या गोष्टीचा कोकणाला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण तारखा पडताळल्या तर गोष्ट वेगळीच निघते.

त्या दिवशी खग्रास ग्रहण झाले हे खरे. सावलीचा पट्टा बिजापूर, जमखिंडीवरून गुंटूर, मछलीपट्टणकडे गेला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्य झाकला जाताच त्याच्या काठावरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना ठळक रेषा दिसल्या. म्हणजे या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहणाशिवायही त्या दिसाव्यात असे त्यांना वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी त्या दिसल्या!

हे कसे शक्य झाले? आकाशाच्या उजेडात सगळे रंग असतात. वर्णपटदर्शकात तो लांबवर पसरतो आणि फिका पडतो. ज्वाळांचा उजेड मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला असतो. म्हणून त्या उठून दिसतात.

लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते, युद्धखात्यात कारकून! त्यांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे योजली आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली.

त्या रेषांपैकी एक पिवळी होती. ती सोडियमची असेल असे कोणालाही वाटले असते. पण सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात, तर ही ५८७.६ ला. ज्ञात मूलद्रव्यांपैकी कोणाशीच ती जुळेना. लॉकियर यांनी या अज्ञात द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. अखेर १८९५ साली रॅम्से यांना क्लीव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

मग ओटे कशाचे? २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले. या वेळी पट्टा कोकणातून गेला आणि लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. दोन ग्रहणांमधली तीस वर्षे लोकांच्या आठवणीत गळून पडली आणि दोन गोष्टींची एक झाली.

विजयदुर्गला १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून पाळतात. तो जरूर पाळावा. फक्त मुलांना दोन्ही तारखा फळ्यावर लिहून द्याव्यात आणि ओटे कोणत्या ग्रहणाचे, हे त्यांनाच शोधू द्यावे. सोबत एक प्रयोगही दाखवावा. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ धरावे. ज्योत पिवळी होते, ती सोडियममुळे. हेलियमची रेषा या पिवळ्याला अगदी खेटून आहे. तेवढे अंतर कोणीतरी काटेकोर मोजले, म्हणून एक नवे मूलद्रव्य हाती लागले.