नौकातळाची स्वच्छता
नौकेच्या तळाचा पाण्याखालील पृष्ठभाग शेवाळ, बार्नॅकल, कालवे इ. सजीवांच्या थरांपासून मुक्त ठेवण्याची क्रिया. अशा थरांमुळे घर्षण वाढून वेग घटतो व इंधन अधिक लागते. लाकडी जहाजे पूर्वी किनाऱ्यावर कलती करून त्यांचे तळ खरवडीत. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे बसविले. त्यांनी सजीवांची वाढ रोखली. पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झिजले. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याचा क्षय थांबविला, तेव्हा तळावर सजीव पुन्हा वाढू लागले. तांबे अल्प प्रमाणात विरघळते म्हणूनच ते परिणामकारक ठरते, असे यावरून दिसून आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसार पावलेल्या काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या नौका कुजत वा गंजत नाहीत. तथापि त्यांवरही सजीव वाढतात. दुर्लक्षित तळ प्रथम पाण्याच्या झोताने धुऊन बार्नॅकल लाकडी वा प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने काढतात. धारदार पात्याने रेझिनाच्या पातळ बाह्य थरास चरे पडतात. उरलेले चुनखडीयुक्त अवशेष सौम्य अम्लाने विरघळवितात. जुना रंग विषारी असल्याने तो ओला ठेवूनच घासतात व निघालेला गाळ पाण्यात जाऊ देत नाहीत. ट्रायब्युटिल टिनयुक्त रंगांमुळे फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालव-संवर्धनाची मोठी हानी झाली. परिणामी फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर अशा रंगांना बंदी घातली. त्यांच्या वापरास आळा घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अंमलात आला.