लिव्हरच्या यादीत आधी कोण?

गेल्या महिन्यात एका मित्राच्या भावासाठी मदतीचं आवाहन मीच टाकलं होतं. लिव्हर निकामी होत चाललंय, ट्रान्सप्लांट सांगितलंय. त्यावर बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये एकच विचारलं, "नंबर लागतो तरी कसा? वशिला चालतो का?" उत्तर शोधता शोधता अमेरिकेच्या इतिहासात शिरलो, कारण यावरून तिथे बराच वाद झालाय.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरला माणसाचं लिव्हर बदलण्याचा पहिला प्रयत्न केला. तीन वर्षांचं मूल होतं. रक्त थांबेना, टेबलावरच गेलं. १९६७ मध्ये पहिलं यश आलं. ऐंशीच्या दशकात औषधं सुधारली, रुग्ण जगू लागले आणि खरी पंचाईत सुरू झाली. लिव्हर मोजकी, मागणारे भरपूर.

तेव्हा दोन गोष्टी बघायचे. रुग्ण कुठे आहे (घरी, वॉर्डात की आयसीयूत) आणि यादीत किती दिवस थांबलाय. म्हणजे रेशनची रांगच! मग नाव आधीच लावून ठेवायची घाई व्हायची. पोटात पाणी किती, शुद्ध किती हरपलीय, यालाही गुण होते; पण एका डॉक्टरला 'थोडं' वाटणारं दुसऱ्याला 'बरंच' वाटायचं.

१९९५ मध्ये बेसबॉलचा दिग्गज मिकी मँटल याला यादीत आल्यावर दोनच दिवसांत लिव्हर मिळालं. त्या भागात तोच सर्वांत गंभीर होता, असं सांगितलं गेलं. लोकांना काही ते पटलं नाही. ऑगस्टमध्ये तो कॅन्सरने गेला.

शेवटी उपाय सापडला तो भलत्याच कामातून. लिव्हरमधला रक्तदाब उतरवायला आतून नळी बसवतात. त्यानंतर कोण किती जगेल, याचा हिशोब मेयो क्लिनिकने २००० मध्ये मांडला. त्यातून 'मेल्ड' स्कोअर निघाला. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, बस्स. आकडा ६ ते ४०. जितका मोठा, तितका तीन महिन्यांत जाण्याचा धोका जास्त. २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेची यादी या आकड्यावर चालू लागली. २००५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: स्कोअर १५ च्या खाली असेल तर बहुतेकांना थांबण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका जास्त. म्हणजे लवकर केलं की चांगलंच, असंही नाही.

पण आकडाही आंधळा असतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बायकांचे स्नायू कमी, म्हणून किडनी तितकीच बिघडली तरी आकडा कमी दिसायचा आणि त्या यादीत मागे पडायच्या. हे दुरुस्त झालं जुलै २०२३ मध्ये. बायकांना १.३३ गुण जादा. २१ वर्षं लागली!

आपल्याकडे कायदा १९९४ चा, पहिलं यश १९९८ चं. मेंदूमृत दात्याचं लिव्हर झेडटीसीसीच्या यादीतून मिळतं. पण बहुतेक ट्रान्सप्लांट घरच्याच माणसाच्या लिव्हरवर होतात. तिथे रांगच नाही. तिथे प्रश्न एवढाच, की वेळ झाली हे कुणी आणि कधी सांगायचं.

मित्राला विचारूनच लिहितोय. भावाच्या फाइलमध्ये तिन्ही तपासण्यांचे दोन वर्षांचे कागद होते, तालुक्याच्याच लॅबचे. पोटातलं पाणी चार वेळा काढलं, पण तिन्ही आकडे एकत्र मांडून कुणी बघितलं नव्हतं. ते पुण्याला गेल्यावर झालं. २९ आला. वहिनी लिव्हर द्यायला तयार आहेत, त्यांच्या तपासण्या चालू आहेत.