ईश्वरी योजना आणि उपासना (ख्रिस्ती धर्म)

जग निर्माण करून देव बाजूला झाला नाही. तो ते सांभाळतो, चालवतो आणि आपल्या हेतूकडे नेतो, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. नियतीशी तिची गल्लत करू नये. नियतीपुढे मान तुकवावी लागते, गाऱ्हाणे मांडता येत नाही. ख्रिस्ती माणूस मात्र योजना करणाऱ्याला ‘बाप’ म्हणतो, त्याचे आभार मानतो, त्याच्याशी भांडतोही. म्हणूनच या सिद्धांताचा ठाव वादविवादापेक्षा उपासनेत अधिक लागतो.

भावांनी विकलेला योसेफ पुढे दुष्काळात त्यांनाच धान्य पुरवतो, ही बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील कथा या श्रद्धेचा जुना आधार. आकाशातील पाखरांनाही देव खाऊ घालतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. पुढे मतभेद झाले. थॉमस अक्वायनसच्या मते देव निसर्गाच्या व माणसाच्या कृतींतून काम करतो. जॉन कॅल्विनने आपल्या ग्रंथात (अंतिम आवृत्ती १५५९) पावसाचा थेंबही त्याच्या आज्ञेवाचून पडत नाही, इथवर मजल मारली. मग माणसाचे स्वातंत्र्य कुठे उरते, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा सॅक्सनीतील आयलेनबुर्ग गावी झाली. तीस वर्षांच्या युद्धात आश्रयाला आलेल्यांनी ते तटबंदीचे गाव भरून गेले होते. १६३७ मध्ये तिथे प्लेग पसरला. पाळक मार्टिन रिंकार्ट यांना त्या एका वर्षात हजारो जणांचे अंत्यविधी करावे लागले. त्यांत त्यांची पत्नीही होती. याच युद्धकाळात त्यांनी रचलेले ‘नुन डांकेट आले गॉट’ हे उपकारस्तुतीचे गीत जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून लिहिले गेले होते. सुबत्तेत आभार मानणे सोपे असते. त्या ताटात काय होते, याचा विचार केला की गीताचे मोल कळते.

पण आभार हा उपासनेचा एकच सूर नव्हे. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, आणि ८८वे तर कोणत्याही दिलाशाविना संपते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा चर्चमध्ये भाविकांची गर्दी होती. त्यानंतर ‘सगळे चांगल्यासाठीच होते’ हे समाधान व्हॉल्टेअरने झिडकारले, ते योग्यच होते. विलापाच्या स्तोत्रांनी तसे समाधान कधी दिलेही नव्हते.

शेतीशी या उपासनेचे नाते जुने आहे. पाचव्या शतकात गॉलमधील व्हिएन्नचे बिशप मामेर्टुस यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस प्रार्थनायात्रा सुरू केल्या. पुढे त्यांत पिकांसाठीची प्रार्थना रुजली. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन नावाचा ख्रिस्ती समाज ऑक्टोबरमध्ये ‘आगेरा’ साजरा करतो. त्या वेळी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील मुक्ती मिशन. ब्रिस्टलला प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राने त्यांना बळ दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. देव पुरवील या विश्वासाने हातावर हात ठेवून तिथे कोणी बसले नाही: प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम आणि छपाई चाले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.