पहिल्या पावसाची साक्ष



गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या घराच्या छपरावर तीन निरनिराळी माणसे चढून उतरली. घर जुने, आजोबांनी १९३१ साली बांधलेले. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन ज्या परिसरात भरले, तेथून ते फारसे दूर नाही. भिंती दगडमातीच्या, वर मंगळुरी कौले. मागच्या पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागली, तेव्हाच ठरविले होते की यंदा मृगाआधी छप्पर नीट करून घ्यायचे.

पहिला गृहस्थ वर चढून पाचच मिनिटांत उतरला आणि म्हणाला, "सगळं काढून पत्रे घाला, सर. कटकटच नको." दुसऱ्याने कौले मोजली, रिपांना बोट लावून पाहिले आणि उक्ता आकडा सांगितला. तिसरा वयस्क मिस्त्री. तो बराच वेळ आढ्याशी बसून राहिला. खाली आल्यावर त्याने पाणी मागितले आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "रोजावर करतो. किती दिवस लागतील ते कौलं उतरविल्याशिवाय कसं सांगू?"

मी पेचात पडलो. घराचा मालक छपराखाली राहतो, पण छपरात काय बिघडले आहे ते त्याला दिसत नाही. जो वर चढतो त्याला ते दिसते, पण त्याला खाली राहावयाचे नसते. मग या दोघांचा व्यवहार विश्वासाने व्हावा तरी कसा? इतिहासाच्या विद्यार्थ्याची खोड अशी की, असा पेच पडला म्हणजे तो प्रथम मागे पाहतो. तसेच मी केले.

आमच्याकडील छपरांचा नकाशा पावसाने आखलेला आहे. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर, म्हणजे पावणेतीनशे इंच पाऊस पडतो. तेथून बेळगाव सुमारे सत्तर किलोमीटर. परंतु तेवढ्या अंतरात तो पाऊस पन्नास इंचांच्या आसपास उतरतो, आणि पूर्वेस अथणीला पोहोचेपर्यंत त्यातले वीसपंचवीस इंचच उरतात. म्हणून खानापूर, चंदगड या अंगाला छपरे उतरती, गवताची किंवा कौलाची. अथणी-गोकाकच्या अंगाला माळवदाची सपाट घरे : तुळयांवर किलच आणि किलचांवर चोपलेल्या मातीचा थर. बेळगाव आणि निपाणी या मधल्या पट्ट्यात दोन्ही तऱ्हा एकाच गल्लीत नांदताना आढळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापुराकडे आला. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. खानापूर आणि चंदगड यांच्यामध्ये रेषा पडली, तरी दोन्हीकडच्या छपरांचा उतार मात्र तोच राहिला.

या उतरत्या छपरांवर पूर्वी नळीची कौले असत. कुंभार चाकावर निमुळती नळी घडवी, ती ओली असतानाच उभी चिरी आणि भाजून तिची दोन कौले करी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती अंथरीत. त्यांना बांधून ठेवणारे असे काहीच नसे. वाऱ्याने ती सरकत, मांजरांनी सरकत, आणि माकडांचा कळप एकदा पाख्यावरून गेला की विचारूच नये! त्यामुळे दर वैशाखात घर शाकारावे लागे. फुटकी कौले काढून नवी घालावयाची, कुजलेली रीप बदलावयाची, वळचणीपासून आढ्यापर्यंत सगळ्या ओळी पुन्हा बसवावयाच्या. सुतार आणि कुंभार हे दोघेही गावचे बलुतेदार. शेतीची अवजारे आणि नित्याची मडकी ते बलुत्यात देत. घराच्या कामाची मजुरी वेगळी असे. पण माणूस तोच असे, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा त्यालाच दारात यावयाचे असे.

आमची आजी एक गोष्ट नेहमी सांगे. शाकारणी झाली तरी मजुरी पुरी चुकती होत नसे. मृगाची पहिली मोठी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी शाकारणारा माणूस आपण होऊन येई, ओसरीवर उभा राहून "कुठं गळालं का?" म्हणून विचारी, काठीने खालूनच दोन कौले सरकवी आणि मग उरलेले दाणे पदरात घेऊन जाई. या फेरीला काही नाव नव्हते, कागद तर नव्हताच. तो त्या व्यवहाराचा एक भाग होता, इतकेच. बलुत्याच्या त्या रचनेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तिच्यात कारागिराची पिळवणूक होती आणि जातीचा जाच होता. परंतु तिच्यातली ही एक गोष्ट शहाणपणाची होती, हे नाकारता येत नाही.

ही फेरी बंद पडली ती एका उत्तम शोधामुळे. १८४१ साली फ्रान्सच्या अल्सास प्रांतात आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. त्याच जातीचे कौल बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन गृहस्थाने १८६५ साली मंगळुरात, नेत्रावती नदीच्या काठच्या चिकणमातीतून काढावयास आरंभ केला. कौलाच्या कडेला खाच, पाठीला रिपेत अडकणारे दात. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले पुरत. ते वाऱ्याने सहसा हलत नसे, छपराचे ओझेही कमी होई. वेंगुर्ले हे बेळगावचे जुने बंदर, तेथून गाड्या घाट चढून येत. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदराची लोहमार्गाची वाटही खुली झाली. पुढे खानापूरच्या मातीतही तशी कौले होऊ लागली आणि खानापूरचे कौल हे नाव या भागात रूढ झाले.

येथे एक घरगुती कबुली देतो. आजोबांनी आमच्या घराची कौले कॅम्पातील एका पाडलेल्या बंगल्याच्या लिलावात घेतली होती. त्यांच्या पाठीवर बासेल मिशनचे नाव आणि १८६५ हा आकडा उमटविलेला आहे. लहानपणी मी शाळेत ऐटीने सांगत असे की आमचे छप्पर १८६५ सालचे आहे! तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा असतो, कौल भाजल्याचा नव्हे, हे फार उशिरा कळले. आजही जुन्या कौलांचा ढीग दाखवून '१८६५ चा माल' म्हणून भाव सांगणारे भेटतात, म्हणून हे सांगितले.

मंगळुरी कौल आले आणि दरसालची शाकारणी संपली. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे छपराकडे पाहावे लागेना. तेव्हा छपरावर चढणारा माणूसही घराचा राहिला नाही. एका कामापुरता येणारा आणि काम संपताच जाणारा, असा तो झाला. वस्तुतः हे कौलही अमर नव्हे. कौल टिकते, पण खालची रीप कुजते. आढ्यावरच्या कोन्यांचा चुना तडकतो, दोन पाखी मिळतात तेथील पन्हळीचा पत्रा गंजतो. आणि प्रत्येक कारखान्याच्या कौलाचा साचा थोडा निराळा असल्यामुळे जुन्या कौलात नवे कौल घातले की खाच नीट बसत नाही. तेथूनच पाणी शिरते. पण ही सगळी दुखणी सावकाश होणारी. काम बरे झाले की वाईट, हे मिस्त्री दिसेनासा झाल्यानंतर कळते.

अशा एका कामापुरत्या व्यवहाराला आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. मक्ता हा अरबीतून आला, कंत्राट पोर्तुगिजांकडून, आणि आमच्या भागात रुळलेला गुत्ता हा कानडी 'गुत्तिगे'चा सख्खा. देणेही आपण दिले आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात छपराच्या पट्टीला बांधकामातले साहेब 'रीपर' म्हणतात असे नोंदवून, हा शब्द हिंदुस्तानी कोशांत सापडत नाही, मराठी कोशात मात्र 'रीप' आहे, असे त्यांनी म्हटले आहे. माझा म्हातारा मिस्त्री कौलाला 'हंचु' म्हणतो आणि मी कौल म्हणतो. रीप मात्र दोघांची एकच.

मालक आणि कारागीर यांच्यातला संशय तर शब्दांहूनही जुना. सुसा येथे १९०१-०२ साली सापडलेल्या हम्मुराबीच्या शिलालेखात, भिंत कच्ची निघाली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यावी, असा नियम आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरहून छापून प्रसिद्ध झाले. वेतन घेऊन काम न करणाऱ्याला त्यात बारा पणांचा दंड सांगितला आहे, आणि काम होईपर्यंत अटकावही. १३६२ च्या जानेवारीत इंग्लंडात मोठे वादळ झाले, घरोघरची छपरे उडाली, तेव्हा कौलांचे भाव आणि कौले चढविणाऱ्यांची मजुरी वाढवू नये, असा हुकूम तिसऱ्या एडवर्ड राजाला काढावा लागला. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले आणि आमच्या जिल्ह्यात घरेच्या घरे पडली, तेव्हा या हुकुमाची मला आठवण झाली. त्या वर्षी छपरावर चढणारा माणूस मिळण्यासाठी माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दिवाळीपर्यंत वाट पाहिली.

आपल्याकडे करारांचा कायदा १८७२ सालचा, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झालेला. तोंडी करारही त्याला मान्य आहे. मुदत ठरविली नसेल तर काम वाजवी वेळात व्हावे, असे त्याचे ४६ वे कलम सांगते. परंतु माझ्या मते घरमालकाने वाचावयाचे कलम ७३ वे. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे होणारे नुकसान भरून मिळते. त्यापलीकडचे नुकसान मिळावयाचे तर ते होण्याचा संभव करार करतानाच दोघांना ठाऊक असावा लागतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीचे उदाहरण घ्या. छपरातून ठिबकणारे पाणी रिकाम्या खोलीत पडले तर फरशी पुसून भागते. तेच तंबाखूच्या बोदांवर पडले तर बुरशी धरून माल मातीमोल होतो. 'या पाख्याखाली माल आहे' हे गुत्तेदाराला आधी सांगितलेले, आणि शक्य तर लिहिलेले असेल, तर पुढे काही मागता येईल. नाही तर तो म्हणेल की मी कौले बसविली, खाली काय आहे ते मला काय ठाऊक!

आणखी एक गंमत पाहा. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. या खात्याच्या करारांत गुत्तेदाराच्या बिलातून काही रक्कम राखून ठेवण्याची आणि ठराविक मुदतीत दिसलेले दोष त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेण्याची रीत आहे. माझ्या आजीच्या काळची ती पावसानंतरची फेरी सरकारने आपल्यापुरती कागदावर जपली. आपण घरमालकांनी ती विसरून टाकली आणि काम होताच हिशेब चुकता करून मोकळे होऊ लागलो.

मीही तेच केले होते. काही वर्षांपूर्वी, नाव घेण्याचे कारण नाही, एका गुत्तेदाराला मी निम्मी रक्कम विसार म्हणून दिली आणि उरलेली मे महिन्याच्या अखेरीस, कडक उन्हात, चकचकीत आढ्याकडे पाहत संतोषाने चुकती केली. त्याने कोन्यांवर सिमेंटचा जाड थर दिला होता. खालच्या कुजक्या रिपांना हातही लावला नव्हता. जूनमध्ये पाणी पूर्वीच्याच जागी उतरले. फोन केले तर तो दुसऱ्या गावी कामावर. पुढे फोन उचलणेही थांबले. ग्राहक मंचाकडे जाता आले असते, परंतु माझ्याजवळ एक चिठोरेही नव्हते. खरा दोष माझाच होता : ज्या कामाची परीक्षा फक्त पाऊस घेऊ शकतो, त्याला उन्हात पास करून टाकले होते.

म्हणून यंदा म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलाविले. काम रोजावर, पण चौदा दिवसांच्या वर नाही. मागचे पाखे आधी उतरवून रिपा मला दाखवावयाच्या, लाकूड माझे, जुन्या कौलांच्या साच्याशी जुळत नाही ते कौल चढवावयाचे नाही. उचल आठवड्याला, आणि एकूण मजुरीचा पाचवा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर. कागद मराठीत लिहिला. त्याच्या मुलाने तो बापाला कानडीत वाचून दाखविला. म्हातारा हसला आणि म्हणाला, "पाऊसच पडला नाही तर, सर?" शंका रास्त होती. तेव्हा खाली एक ओळ वाढविली : आर्द्रा नक्षत्र कोरडे गेले तरी ते संपताच पैसे द्यावेत.

बारा दिवसांत काम झाले. निम्म्याहून अधिक रिपा कुजलेल्या निघाल्या. खर्च माझ्या अंदाजाबाहेर गेला, हेही सांगून टाकतो. पाचव्या हिश्श्याचे पाकीट देवघराच्या फडताळात आहे, त्यावर मिस्त्रीचे नाव घातले आहे. आज दुपारपासून चंदगडच्या अंगाला ढग धरले आहेत, आणि माजघरातील पातेली मी अजून उचललेली नाहीत.