माळवदावरचा अँटेना

जुन्या टीव्हीच्या आठवणी मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. दिवाळी अंकात येतात, रविवारच्या पुरवण्यांत येतात. त्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या असतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, १९७३मध्ये पुण्याला ते दिसू लागलं, आणि मग 'गजरा', 'चिमणराव', 'साप्ताहिकी' अशी यादी सुरू होते. वाचताना आपणही माना डोलावतो. पण मित्रहो, खरं सांगा, त्यातलं आपण त्या वेळी काय पाहिलं होतं? 'चिमणराव' चालू होतं तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि आपल्या गावात टीव्ही हा शब्द मुंबईला नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी मामाच्या तोंडून ऐकू यायचा. आपल्याकडे होता रेडिओ, आणि परभणी आकाशवाणी.

म्हणून या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की आपल्याकडच्या टीव्हीबद्दल लिहायचं. कार्यक्रमांबद्दल कमी, आणि त्या पेटीबद्दल जास्त. गेली काही वर्षं मी जुने संच जमवतो आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे आणि त्यावरून व्हॉट्सॲपच्या गटावर माझी थट्टाही होते. होऊ द्या.

टीव्ही आपल्याला वळसा घालून गेला, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं एक वर्ष भारतात उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह, आपल्या इस्रोची आणि आकाशवाणीची माणसं, आणि सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात संच ठेवायचा, छपरावर जाळीची मोठी छत्री लावायची, आणि शेती, आरोग्य, शाळेचे धडे दाखवायचे. त्या सहा राज्यांत कर्नाटक होतं आणि त्यात गुलबर्गा जिल्हा होता. आंध्र होतं, आणि त्यात हैदराबादच्या आसपासचे जिल्हे होते. म्हणजे १९४८पर्यंत जी गावं आपल्याबरोबर एकाच निजामी राज्यात होती, त्यांतल्या काहींनी १९७५ला टीव्ही पाहिला. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. मुंबईला टीव्ही आहे म्हणजे महाराष्ट्राला आहे, असा हिशोब झाला असावा असं मला वाटतं. हा हिशोब मराठवाड्याला नवा नाही.

त्या प्रयोगातले संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कारखान्याने बनवले होते. याच कारखान्याचा 'ईसी' टीव्ही बाजारात मिळायचा. माझ्याकडचा सगळ्यात जुना संच तोच आहे. आपल्याकडची माणसं दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जायची आणि पूर्णेवरून मीटरगेजने परत यायची. त्या गाडीतून खोक्यात घालून, मांडीवर धरून टीव्ही आणल्याच्या दोन कथा मी ऐकल्या आहेत. एकीत तर खोक्याचं वेगळं तिकीट मागितलं म्हणून टीसीशी पूर्णेपर्यंत भांडण झालं म्हणे.

खरा टीव्ही आपल्याकडे आला १९८४च्या सुमारास. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं, १९८३मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला होता, आणि १९८४ या एका वर्षात सरकारने देशभर शंभराहून जास्त छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी केली. ही केंद्रं १०० वॅटची. सपाट मुलखात पंधरा-वीस, फार तर पंचवीस किलोमीटरपर्यंत चित्र बरं दिसायचं. त्यापलीकडे मुंग्या.

या छोट्या केंद्रांचं एक वैशिष्ट्य होतं, आणि आपल्या पिढीवर त्याचा परिणाम झाला असं मला ठामपणे वाटतं. ती उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम उचलून खाली सोडायची. मुंबईचे मराठी कार्यक्रम आपल्या पडद्यावर नियमाने दिसायला आणखी काळ जावा लागला. आपला पहिला टीव्ही हिंदी होता. ७ जुलै १९८४ला सुरू झालेलं 'हम लोग' आपण पाहिलं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इंदिराजींची अंत्ययात्रा पाहिली. ज्या घरात संच होता तिथे दिवसभर माणसांची रीघ होती, आणि चुलीवर चहाचं भांडं उतरलं नव्हतं. आपल्या वर्गातल्या पोरांचं हिंदी एकाएकी सुधारलं आणि हिंदीच्या सरांना वाटलं आपल्या शिकवण्याचा गुण आहे.

आता पेटीकडे येतो.

मुंबईत इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावला की काम झालं. आपल्याकडे माळवद. मातीच्या माळवदाला लोखंडी पाईप पेलत नाही, पाऊस पडला की बुडाशी पाणी मुरतं आणि खाली ओसरीत गळतं. म्हणून मग पाईप भिंतीला कड्या मारून बाहेरच्या बाजूने उभा करायचा, नाहीतर अंगणात लिंबाच्या झाडाला बांधायचा. गाव केंद्रापासून लांब असेल किंवा मध्ये डोंगर असेल, तर तीस-चाळीस फुटांचा पाईप आणि त्याला तीन बाजूंनी तारांचे ताण. सेनगावकडच्या एका गावात मी पाईपऐवजी दोन वेळू एकमेकांना बांधून केलेला खांब पाहिला आहे. वरून चपटी वायर खाली यायची, मध्ये बूस्टरची डबी. एकजण वर, एकजण दारात, एकजण पडद्यासमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हे वाक्य म्हणजे आपल्या तालुक्याचा टीव्हीचा इतिहास आहे, असं मी गमतीने म्हणतो. गमतीतही ते खरं आहे.

दुसरी गोष्ट विजेची. व्होल्टेज इतकं खालीवर व्हायचं की स्टॅबिलायझर नसलेला संच महिनाभर टिकत नसे. आणि लाईट गेलीच तर? चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट संच बारा व्होल्टवर चालायचा. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि चिमटे लावायचे. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झाल्यावर रविवारी सकाळी साडेनऊला किती ट्रॅक्टर शेतात जागच्या जागी उभे असत, ते जाणत्यांनी आठवावं. संचाला हार, उदबत्ती, आणि मागे ट्रॅक्टरची बॅटरी. माझ्या संग्रहातल्या एका संचाच्या मागच्या झाकणाला कुणीतरी भोक पाडून कायमची बॅटरीची वायर काढलेली आहे. संग्रह करणारे शहरी लोक अशा संचाला खराब म्हणतात. मी म्हणतो, हाच खरा. कारखान्यातून जसाच्या तसा राहिलेला संच तुम्हाला कुठेही मिळेल. हे भोक फक्त आपल्याकडे मिळेल.

लायसन्सचंही असंच. १९८५पर्यंत रेडिओ आणि टीव्ही दोन्हीला परवाना लागायचा. टपाल कचेरीत पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. माझ्याकडे वसमतच्या एका घरातून आलेली अशी एक पुस्तिका आहे, संचापेक्षा मी तिला जास्त जपतो.

कळमनुरी, वसमत, हिंगोलीच्या भंगाराच्या दुकानांत मी जी नावं पाहिली ती आजच्या मुलांना परदेशी गावांसारखी वाटतील: ईसी, वेस्टन, टेक्सला, क्राऊन, डायनोरा, सोलिडेअर, बुश, अपट्रॉन, ओनिडा. यातली बरीच नावं राज्य सरकारच्या मंडळांची किंवा लहान कारखान्यांची, आणि आज त्यांतलं जवळपास काहीच उरलेलं नाही. पण सगळ्यात जास्त संच सापडतात ते व्हिडिओकॉनचे, आणि ते साहजिक आहे. धूत घराण्याने ऐंशीच्या दशकात औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला हा कारखाना काढला, जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेतलं. मराठवाड्यात तयार झालेली वस्तू देशभर घराघरात, अशी उदाहरणं आपल्याकडे किती? आयटीआय केलेल्या कितीतरी पोरांना तिथे पहिली नोकरी लागली. २००५मध्ये याच कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका जग सपाट पडद्याकडे वळत असताना. २०१८ला ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. हळदीची पट्टी मोंढ्यातून घेऊन येताना वडिलांनी आणलेला रंगीत व्हिडिओकॉन ज्यांच्या घरात होता, त्यांनी तो साधा डबा समजू नये. त्यात आपल्या विभागाच्या उद्योगाचा एक तुकडा आहे.

आता शाळेचा संच. लोकवर्गणीतून घेतलेला, लाकडी कपाटातला, पुढे सरकती शटरची दारं, त्याला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. १९८४ला पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था शाळांसाठी कार्यक्रम करायला निघाली होती, आणि ते पाहण्यासाठी वर्गावर्गाने आपल्याला हॉलमध्ये बसवायचे. पाढ्यांपेक्षा शटर उघडतानाचा आवाज आपल्याला जास्त आठवतो. संच चालू असला की एक बारीक शिट्टी यायची. मुलांना ऐकू यायची, सरांना नाही. ते काही भूत नव्हतं. पडद्यावर सेकंदाला १५,६२५ रेघा ओढल्या जातात, त्याचा तो सूर. चाळिशीनंतरच्या कानांना तो बहुधा ऐकू येत नाही. बालचित्रवाणी २०१७ला बंद झाली. संच कोठीच्या खोलीत गेला.

ती कोठीची खोली आता पाडायची आहे. जुन्या सामानाची यादी झाली आहे, आणि तिच्यात 'टी.व्ही. संच १, नादुरुस्त' अशी एक ओळ आहे. लिलावात तो गेला तर भंगारवाला पिक्चर ट्यूबच्या गळ्यावरची तांब्याची गुंडाळी काढेल, लाकूड जळणाला जाईल आणि काच उकिरड्यावर पडेल. अशा काचेत शिसं असतं. रंगीत संचाच्या काचेत तर किलोच्या हिशोबात. ई-कचऱ्याचे नियम २०१२पासून लागू आहेत, पण ते आपल्या मोंढ्यापर्यंत पोचलेले मी तरी पाहिले नाहीत.

मी मुख्याध्यापकांशी बोललो आहे. संच यादीतून वगळून विज्ञानाच्या खोलीत ठेवायला त्यांची तयारी आहे, पण शाळा समितीसमोर माजी विद्यार्थ्यांचं पत्र यायला हवं. मेळाव्याच्या दिवशी ते पत्र सहीसाठी नोंदणीच्या टेबलावर असेल. विज्ञानाची खोली मी मुद्दाम म्हणतो. चुंबक जवळ नेला की ब्लॅक अँड व्हाईट चित्र कसं वाकतं हे पाहणाऱ्या मुलाला इलेक्ट्रॉन वेगळा शिकवावा लागत नाही (रंगीत संचावर मात्र हे करू नका, डाग राहतो). दुसरं असं की, दूरदर्शनने जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं २०२१-२२पर्यंत जवळपास सगळी बंद केली, त्यामुळे अँटेना लावून आता फक्त मुंग्याच दिसतील. पण त्या मुंग्यांतला शंभरातला साधारण एक भाग विश्वाच्या जन्मापासून शिल्लक राहिलेल्या किरणांचा असतो. आपल्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची प्रयोगशाळा होते आहे. तिथे भेट द्यायला जाणाऱ्या पोरांनी आधी शाळेतल्या मुंग्या पाहून जावं.

घरी जुना संच असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. वर्षानुवर्षं बंद असलेला संच थेट प्लगमध्ये खुपसू नका. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, फुटतात. गावातल्या जुन्या मेकॅनिककडे सिरीज बल्बचा बोर्ड असतो, त्यावरच आधी लावायला सांगा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. मेकॅनिकने उघडलं की आतल्या बाजूला बॅटरीच्या उजेडात पाहून घ्या. दुरुस्तीची तारीख आणि कुठला भाग बदलला ते जुने मेकॅनिक पेन्सिलने तिथे लिहून ठेवायचे. ते पुसू देऊ नका. बिल, लायसन्सची पुस्तिका, वॉरंटीचं कार्ड, स्टॅबिलायझर, बूस्टर, काहीही सापडलं तर संचाबरोबरच ठेवा. आणि जागा नसेल, तर भंगारात घालण्याआधी मला एक फोन करा.

शाळेच्या संचाबद्दल एवढंच राहिलं: त्याचं चॅनेल फिरवायचं बटण जागेवर नाही. बारा घरांचं काळं बटण, कडेला चंदेरी पट्टी. १९८८च्या गॅदरिंगपर्यंत ते होतं, हे त्या वर्षीच्या फोटोत दिसतं. कुणाच्या कंपासपेटीत असेल तर येताना घेऊन या. कुणी काढलं हे विचारणार नाही.