एककाकडून वजनाकडे : एरिथ्रोपोएटिनच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे जैवतंत्रज्ञानावर आधारित औषधांचे उत्पादन उभारणाऱ्या वोक्हार्ट या कंपनीने २००१ मध्ये ‘वेपॉक्स’ या नावाने एरिथ्रोपोएटिन बाजारात आणले. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिले जाणारे हे प्रथिन म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा मानवी वृद्धिघटक होय. या औषधाची मात्रा वजनात नव्हे, तर आंतरराष्ट्रीय एककांत सांगितली जाते. शुद्ध स्वरूपात मिळणाऱ्या पदार्थासाठी एकक का लागते, याचे उत्तर त्याच्या मापनाच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा विचार केला आहे.

पदार्थाआधी परिणाम

पॅरिस येथील कार्नो व देफ्लांद्र यांनी १९०६ मध्ये रक्तस्राव घडविलेल्या सशाचा रक्तद्रव निरोगी सशास टोचला व तांबड्या पेशी वाढल्याचे नोंदविले. मात्र इतरांना हा परिणाम खात्रीने मिळेना. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी रक्तद्रव मोठ्या प्रमाणात देऊन तो दाखविला. १९५७ मध्ये शिकागो येथील जेकबसन, गोल्डवॉसर व सहकाऱ्यांनी या घटकाचे उगमस्थान मूत्रपिंड असल्याचे मांडले.

पदार्थ हाती नव्हता, म्हणून त्याचे वजनही करता येत नव्हते. त्यामुळे परिणामालाच मापदंड मानावे लागले. उपाशी ठेवलेल्या उंदराला ५ मायक्रोमोल कोबाल्ट क्लोराइड दिल्यावर रक्तनिर्मितीत जेवढी वाढ होते, तेवढीच वाढ घडविणारी मात्रा म्हणजे १ एकक, असे ठरले. नव्या तांबड्या पेशींत लोह-५९ हे किरणोत्सारी लोह किती शिरले, यावरून ही वाढ मोजली जाई. १९६१ मध्ये लंडनच्या मेरी कोट्स व डेरेक बँगहॅम यांनी विरळ हवेत ठेवून तांबड्या पेशी वाढविलेले उंदीर वापरले. अशा उंदरांची स्वतःची रक्तनिर्मिती मंदावलेली असल्याने बाहेरून दिलेल्या अल्प मात्रेचाही परिणाम स्पष्ट दिसे.

शुद्ध प्रथिन आणि प्रतिपिंड

१९७७ मध्ये मियाके, कुंग व गोल्डवॉसर यांनी रक्तक्षयाच्या रुग्णांच्या २,५५० लिटर मूत्रातून हे प्रथिन शुद्ध केले. त्याची क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम ७०,४०० एकके भरली. एकक आणि वजन यांचा विश्वसनीय संबंध आता जोडता आला. शुद्ध प्रथिनामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणेही सुकर झाले. रोझालिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनसाठी विकसित केलेले किरणोत्सारी प्रतिरक्षामापन तंत्र १९७९ मध्ये शेरवूड व गोल्डवॉसर यांनी एरिथ्रोपोएटिनला लागू केले. स्टॉकहोम येथील एंगवाल व पर्लमन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या एलायझा पद्धतीत किरणोत्सारी खुणेची जागा विकराने घेतली होती. आज महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परिचित असलेले संच याच परंपरेतील आहेत. १९८५ मध्ये जनुकाचे क्लोनिंग झाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली.

मोजले ते नेमके काय?

प्रतिपिंड प्रथिनाचा आकार ओळखते. पेशीसंवर्धनातील चाचणी पेशीवरील ग्राहीशी होणारी क्रिया दाखविते. प्राण्यावरील चाचणीत त्या प्रथिनाचे शरीरात टिकणेही मोजले जाते. या तिन्हींची उत्तरे सारखीच येतील असे नाही. एरिथ्रोपोएटिनवरील शर्करासाखळ्यांच्या टोकाचे सियालिक आम्ल काढून टाकल्यास ते पेशीसंवर्धनात क्रियाशील राहते, परंतु शरीरात यकृत ते झपाट्याने रक्तातून काढून घेते व त्याचा प्रभाव उरत नाही. म्हणजेच संचावर भरपूर दिसणारे प्रथिन रुग्णाच्या उपयोगी पडेलच असे नाही. याच कारणास्तव जनुकतंत्राने शुद्ध प्रथिन उपलब्ध झाल्यावरही युरोपीय औषधकोशाने उंदरांवरील चाचणीचा अवलंब केला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वृद्धिघटकाचे मापन हे केवळ उपकरणाचे वाचन नसून मानक नमुना व पद्धत यांविषयीचा करार आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मात्र प्रति मिलिलिटर अमुक पिकोग्रॅम एवढाच आकडा पुष्कळदा आढळतो. तो कोणत्या मानकाशी ताडला व कोणत्या पद्धतीने मिळाला, याची नोंद मार्गदर्शकांनी आग्रहाने करवून घ्यावी. तसे न केल्यास दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना अर्थहीन ठरते.