जुन्या छायाचित्रांतली ताठ माणसे

वसई तालुक्यातील नंदाखालच्या परिसरात, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी, जुन्या घरांच्या भिंतीवर पणजोबा-पणजीचे एखादे छायाचित्र हमखास आढळते. पणजोबा खुर्चीत ताठ बसलेले, एक हात टेबलावर, ओठ घट्ट मिटलेले. शेजारी पणजी खुर्चीच्या पाठीला धरून उभी. मुले विचारतात, "ही माणसे इतकी रागावलेली का दिसतात?" या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा तेव्हाच्या रसायनशास्त्रात आणि प्रकाशशास्त्रात अधिक सापडते.

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत दागेर यांच्या नावाने १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. तिला सुरुवातीस भर उन्हातही कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे माणसाचे चित्र घेणे अवघडच होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि हा काळ काही सेकंदांवर आला. मुंबईने ही विद्या लवकर उचलली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक ठरले.

या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. थर वाळला की त्याची संवेदनशीलता जाते. मुंबईच्या उष्म्यात सगळे काम काही मिनिटांत उरकावे लागे. प्रकाश पडू देण्यास स्टुडिओत काही सेकंद ते कधी पाव मिनिटही लागे. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही! हसू तेवढा वेळ एकसारखे टिकत नाही, म्हणून ओठ मिटलेले. अधांतरी हात थरथरतो, म्हणून तो टेबलावर किंवा पुस्तकावर. उभ्या माणसाची मान डोलते, म्हणून तिच्यामागे लोखंडी दांड्याचा चिमटा टेकवीत. काही जुन्या चित्रांत पायांमागे या दांड्याची बैठक डोकावताना दिसते. ज्याला आपण रुबाब म्हणतो, तो बराचसा असा टेकू होता.

आता उजेडाचा विचार करू. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा स्टुडिओ म्हणजे काचेचे छप्पर आणि काचेची भिंत असलेली खोली. इंग्रजी पुस्तके सांगत, काच उत्तरेकडे ठेवा, म्हणजे थेट ऊन न येता आकाशाचा मऊ उजेड येईल. इंग्लंडात हे बरोबर आहे. तेथे सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेला असतो. मुंबई-वसईचा अक्षांश मात्र सुमारे १९ अंश. मेच्या मध्यास सूर्य येथे माथ्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या दिवसांत उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत येणार. येथे पडदे लागतातच. खिडकीकडचा गाल उजळ आणि दुसरा गाल काळोखात राहू नये म्हणून त्या बाजूला पांढरे कापड ताणून उजेड परतवीत. चेहऱ्याची गोलाई दिसते ती उजेड-सावलीच्या या प्रमाणामुळेच.

याहून महत्त्वाची गोष्ट रंगांची. कलोडियनची काच निळा व जांभळा प्रकाश आणि अतिनील किरण टिपते. लाल-पिवळा तिला जवळपास दिसतच नाही. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक येते आणि लाल कापड काळे. नंदाखाल भागातल्या सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांचे पारंपरिक लाल लुगडे अशा काचेवर काळेच उमटले असते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा थोडा असतो. म्हणून भारतीय माणूस त्या चित्रांत प्रत्यक्षापेक्षा अधिक काळा दिसतो.

हा केवळ तांत्रिक दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण या चित्रांचा उपयोग पुरावा म्हणून झाला. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसांचे गट एका काचेवर टिपलेले आहेत आणि मागचे दृश्य दुसऱ्या. छापताना दोन्ही एकत्र केली आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने भारतातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले. अमुक जात अशी दिसते, अशी उभी राहते, हे दूरदेशीच्या वाचकांनी अशा ग्रंथांवरून ठरवले. ती ठेवण छायाचित्रकाराने दिलेली होती आणि वर्ण रसायनाने गडद केलेला होता, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आले असेल?

१८७३ मध्ये हेरमान फोगेल यांना आढळले, की थरात योग्य रंगद्रव्य मिसळले तर काच हिरवा-पिवळा प्रकाशही टिपते. सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधी, १८८० च्या आसपास, कोरड्या काचांमुळे सेकंदाचा अंशही पुरेसा होऊ लागला होता. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला, तेव्हा मानेमागच्या चिमट्याची गरज संपत आली होती. ताठ बसण्याची रीत मात्र राहिली. तोवर तीच 'फोटोची बैठक' झाली होती!

वर्गात हे सहज दाखवता येईल. लाल कापड गडद निळ्या जिलेटीन कागदातून पाहावे. ते काळसर दिसते. अंधाऱ्या खोलीत नारळाला एका बाजूने टेबललॅम्पचा उजेड द्यावा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरून सावली किती उजळते ते पाहावे. मग मुलांना घरची जुनी छायाचित्रे आणायला सांगावे. नाकाची सावली कोठे पडली आहे? डोळ्यांत खिडकीची चमक दिसते का? एखाद्या लहान मुलाचा हात पुसट आला आहे का? मागचे झाड पडद्यावर रंगवलेले तर नाही? एवढे पाहिल्यावर, चित्रातले पणजोबा खरोखर रागीट होते का, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ती माहिती काचेने टिपलेली नाही.